लहान झालेले पोट आणि जेवणाची सुट्टी

अतिस्थूलतेवरील शस्त्रक्रियेविषयी लोकांत एक समजूत रूढ आहे. शस्त्रक्रिया झाली, वजन उतरू लागले, की प्रश्न सुटला, अशी ती समजूत होय. वस्तुतः शल्यविशारदाचे काम एक-दोन तासांत आटोपते. रुग्णाचे काम मात्र त्यानंतर सुरू होते आणि ते जन्मभर पुरते. आजवर ज्या सवयीने तो जेवत आला, ती सोडून त्याला जेवायला नव्याने शिकावे लागते. हे शिक्षण घरी, निवांतपणी, आप्तांच्या देखरेखीखाली घेणे एक. आणि कारखान्याच्या भोंग्यावर ज्याचा दिवस चालतो त्याने ते घेणे दुसरे. ही दुसरी अवस्था समजून घ्यायची तर बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्राकडे पाहावे.

बंगळूरच्या वायव्येस, तुमकूर रस्त्याच्या कडेला १९७० च्या दशकात ही वसाहत आकाराला आली. आशियातील मोठ्या लघुउद्योग वसाहतींत तिची गणना होते. लेथ, दळण यंत्रे, मुलामा देण्याच्या टाक्या, सुटे भाग घडविणाऱ्या कार्यशाळा आणि तयार कपड्यांचे कारखाने येथे दाटीने वसले आहेत. २०१४ च्या मार्चमध्ये मेट्रो पीण्यापर्यंत आली. परंतु पाळी, हजेरी आणि सुट्टी हा दिवसाचा क्रम काही बदलला नाही. सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यापूर्वी कामगाराला निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा दंडक १९४८ च्या कारखाना कायद्याने घालून दिला होता. त्याच कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांत उपाहारगृहाची तरतूद केली. पीण्यातील पुष्कळ कार्यशाळा याहून कितीतरी लहान. तेथील माणूस घरचा डबा उघडतो किंवा जवळच्या ‘दर्शिनी’त उभ्या उभ्या जेवतो. हातांचे तेल धुणे, रांगेत उभे राहणे आणि परत येणे वजा केले, तर त्या अर्ध्या तासातून खाण्यासाठी पंधरा मिनिटे उरली तरी पुष्कळ.

आता ही शस्त्रक्रिया शरीरात काय घडविते ते पाहू. तिचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. एकात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. अन्न उरलेल्या जठराला वळसा घालून जाते. या वळशाच्या शस्त्रक्रियेचा आरंभ १९६६ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी केला. दोन्ही प्रकारांत जागा कमी होते, आणि भूक व साखर यांचे नियमन करणारे अंतःस्राव पालटतात. म्हणूनच अनेकांचा मधुमेह वजन पुरते उतरण्यापूर्वीच आटोक्यात येऊ लागतो. अशा वेळी इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्यांची जुनी मात्रा तशीच चालू ठेवल्यास ती घातक ठरू शकते. ती मात्रा डॉक्टरांकडून वेळीच बदलून घेतली पाहिजे.

ही शस्त्रक्रिया अवाढव्य देहांसाठीच असते, असेही नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते, म्हणजे देहभारांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. भारतीय देह सडपातळ दिसूनही चरबी बाळगतो आणि मधुमेहाला लवकर बळी पडतो. म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेच्या विचाराची मर्यादा देहभारांक २७.५ इतकी खाली आणली.

शस्त्रक्रियेनंतरचा आहार पायरीपायरीने वाढतो. पहिले सुमारे दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ: ताक, गाळलेले वरण, निवळ सूप. मग घोटलेले अन्न, मग मऊ भात, मऊ अंडे, पनीर; आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे घनअन्न. बैठे काम करणारा दोन ते चार आठवड्यांत कामावर परतू शकतो. जड ओझे उचलणाऱ्याला मात्र निदान चार ते सहा आठवडे थांबणे इष्ट. म्हणजे कामगार परत हजर होतो तेव्हा त्याचे आहारशिक्षण बहुधा अर्ध्यावरच असते, आणि खरी कसोटी तेथे लागते.

चार-सहा घासांचे ते जेवण. पण ते वीस ते तीस मिनिटे घेऊन, प्रत्येक घास पातळ होईपर्यंत चावून खावे लागते. घाईने गिळलेला घास अडतो; छातीत कळ येते, उलटी होते. कर्नाटकातील श्रमिकांचे आवडते अन्न म्हणजे नाचणीचा उंडा, त्यांचे ‘रागी मुद्दे’. तो सारात बुडवून न चावता गिळण्याची तेथील रीत आहे. अन्न तेच, पण ही रीत नव्या पोटाला मानवत नाही. नाचणीच खायची तर ती आंबिलीच्या रूपाने घोटघोट घ्यावी. मराठी घरातील भाकरीचेही तेच. ती कालवून, मऊ करून, थोडीच घ्यावी, आणि तीही वरण, उसळ, अंडे किंवा पनीर पोटात गेल्यावर. कारण जागा थोडी आणि शरीराला प्रथिने दररोज साधारण ६० ते ८० ग्रॅम हवीत. एका अंड्यातून ती सहा ग्रॅमच मिळतात, हे ध्यानी घेतले म्हणजे पहिला घास कशाचा असावा हे सांगावे लागत नाही.

पाण्याचा नियमही उलटा होतो. जेवताना पाणी नको आणि जेवणानंतर अर्धा तास नको. तरीही दिवसाकाठी दीड लिटर किंवा अधिक पाणी गेलेच पाहिजे. भट्टीजवळ घाम गाळणाऱ्याला एका दमात तांब्या रिता करता येत नाही. त्याने बाटली जवळ ठेवून घोटघोट पीत राहावे. गोडाचे भय निराळेच. विशेषतः वळशाच्या शस्त्रक्रियेनंतर साखर झपाट्याने आतड्यात उतरते. अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. काहींच्या रक्तातील साखर एक ते तीन तासांनी एकाएकी घसरून डोळ्यांपुढे अंधारी येते. फिरत्या यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला अशी अंधारी येणे हा जीवावरचा प्रसंग होय.

जीवनसत्त्वे, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या आजन्म घ्याव्या लागतात. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. पाळी बदलली की हे वेळापत्रक कोलमडते. म्हणून ते घड्याळापेक्षा झोप आणि जेवण यांच्याशी बांधावे. सततच्या उलट्या अंगावर काढू नयेत. ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने मेंदूला इजा पोहोचू शकते. अंगदुखीवर दुकानातून आणलेली वेदनाशामके जठराच्या सांध्यावर व्रण करू शकतात. मद्य लवकर चढते. कपड्यांच्या कारखान्यांतील तरुण स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर निदान बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी, असा वैद्यकीय सल्ला आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागले तरी घाबरू नये. पोषण नीट असल्यास ते बहुधा पुन्हा येतात.

आणखी एक अडचण वैद्यकाच्या कक्षेबाहेरची आहे. ती म्हणजे आग्रह. आपल्याकडे प्रेम ताटात वाढले जाते. डबा एकत्र उघडला की एकमेकांच्या भाजीला हात लावणे हे मैत्रीचे लक्षण. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, यंत्रांना हार घालून मिठाई वाटली जाते. त्या दिवशी हात आखडता घेणारा माणूस शिष्ट ठरतो, किंवा ‘आजारी पडला’ अशी कुजबुज सुरू होते. शस्त्रक्रियेची वाच्यता करण्याचा त्याला संकोच वाटतो, आणि त्या संकोचापायी तो नको ते खाऊन बसतो. वर्ष-दीड वर्षानंतर भूक पुन्हा जाणवू लागते, वजन थोडे चढू शकते. त्यालाही पराभव मानण्याचे कारण नाही. ते पुन्हा तपासणीला जाण्याचे निमित्त होय.

तेव्हा या माणसाचे यश त्याच्या एकट्याच्या निग्रहावर सोपवून चालणार नाही. मुकादमाने एका लांब सुट्टीबरोबर पाच-दहा मिनिटांच्या दोन छोट्या सुट्ट्या दिल्या, यंत्राजवळ पाण्याची बाटली ठेवू दिली, चक्कर आल्यास यंत्र थांबविण्याची मुभा दिली, तर कारखान्याचे फारसे काही बिघडत नाही. सोबत्यांनी एवढेच करावे की त्याच्या ताटात डोकावू नये आणि तो सावकाश जेवत असताना शेजारी बसून राहावे. भोंगा वाजल्यावरही त्याचे दोन घास उरले असतील, तर ते त्याला संपवू द्यावेत.