घाण्यावर आधीं कोणाचा माल?

भुईमूग निघाला कीं, जेथें शेंगा फोडण्याचें यंत्र व तेलाचा घाणा एकाच छपराखालीं आहेत तेथें सकाळपासून रांग लागते, आणि 'मी आधीं आलों' या एका हक्कावर दिवसाचें काम ठरतें. हा हक्क खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यापायीं घाणा किती वेळ रिकामा राहतो, हें घड्याळ लावून पाहण्यासारखें आहे.

तीन शेतकरी आले असें धरूं. एकाचा सगळा माल फुटल्यावरच तो घाण्याकडे जातो. पहिल्याच्या शेंगांस यंत्रावर ४ तास लागणार; पण बहुतेक दाणे बियाण्यास ठेवावयाचे असल्यामुळें घाण्यावर १ च तासाचें काम. दुसऱ्यानें पुष्कळशा शेंगा घरींच फोडून आणल्या आहेत. त्याला यंत्र १ तास, घाणा ३ तास. तिसऱ्याला यंत्र ३ व घाणा ४ तास. आलेल्या क्रमानें घेतल्यास घाणेवाला पहिले ४ तास हातावर हात ठेवून बसतो, आणि शेवटची पेंड निघावयास १२ तास लागतात. तोच माल दुसरा, तिसरा, पहिला असा घेतला तर घाणा तासाभरानें सुरू होतो, मग थांबत नाहीं, व ९ तासांत सारें आटोपतें. यंत्रें तींच, माणसें तींच. घाण्याचें काम एकंदर ८ तासांचें आणि पहिला तास त्याला दाणेच मिळत नाहींत. तेव्हां ९ च्या खालीं कोणताही क्रम जाणार नाहीं.

ही रीत एस. एम. जॉन्सन या अमेरिकन गणितज्ञानें १९५४ सालीं प्रसिद्ध केली. सर्वांचे दोन्ही टप्प्यांचे तास कागदावर मांडावे. त्यांतील सर्वांत लहान आंकडा पहिल्या टप्प्याचा असल्यास तो माल रांगेच्या पुढें, दुसऱ्याचा असल्यास मागें. तो खोडून उरलेल्यांस पुनः हाच नियम लावावा. तेल गाळण्याचा तिसरा टप्पाहि वेळ खाऊं लागला तर मात्र इतकी सोपी रीत चालत नाहीं. अंदाजानेंच घ्यावें लागतें.

खरी अडचण गणिताची नव्हे. पहिला शेतकरी ५ व्या तासाला मोकळा होणार होता, तो ९ व्या तासाला होतो. इतर दोघांचे चार-चार तास वांचले, पण ते त्याच्या पदरांत थोडेच पडतात? तो भांडणारच. म्हणून संस्थेनें माल आदल्या सायंकाळीं वजन करून, पावती देऊन ठेवून घ्यावा, व प्रत्येकाची वेळ फळ्यावर लिहावी; म्हणजे कोणास पहाटे येऊन बसावयास नको. मग संचालकाच्या पोत्यांसाठींसुद्धां तो फळा पुसूं नये. माल घेतांना चार शेंगा कानाशीं हलवून पाहाव्या. खुळखुळत नसतील तर शेंग ओली आहे, आणि फळ्यावरचे तास चुकणार.