मंगळवारचं चंद्रपूर

ताडोबाच्या गाभा क्षेत्राला दर मंगळवारी सुट्टी असते, आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर सफारी बंदच. हे ठाऊक असूनही चंद्रपूरच्या लॉजांमध्ये मंगळवारी अडकलेले पर्यटक भेटतात. कुणाची गाडी उशिरा आल्यानं सोमवारची सफारी हुकलेली असते, कुणी चांदा फोर्ट स्टेशनवर उतरतं आणि न्यायला आलेली जीप चंद्रपूर स्टेशनवर उभी असते. शहरात दोन वेगळ्या मार्गांवर दोन स्टेशनं आहेत. पुण्याहून आलेलं असंच एक कुटुंब जटपुरा गेटजवळ पोह्यांच्या गाडीवर भेटलं. मुलं हिरमुसलेली. आता दिवसभर करायचं काय, असं आई विचारत होती. पोहेवाल्यानं तर्री वाढता वाढता उत्तर दिलं, "वाघ नाही भेटला त का झालं जी, आमचं गाव त पाहा!"

त्याचं म्हणणं खरं आहे. कोळसा, औष्णिक वीज केंद्र आणि मे महिन्यातला ४७-४८ अंशांचा पारा, एवढ्यासाठीच चंद्रपूर वर्तमानपत्रांत येतं. पण त्याआधी ही गोंड राजांची राजधानी होती, आणि तिचा परकोट आजही सुमारे ११ किलोमीटर शहराभोवती उभा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे, शिवाय हनुमान, विठोबा, चोर, मसाण आणि बगड या पाच खिडक्या. दरवाजांवर हत्तीवर स्वार झालेला सिंह कोरलाय, ते गोंड राजांचं चिन्ह. पुढे भोसले आले, १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून किल्ला घेतला, हा इतिहास शाळेत वाचलेला असतो. शाळेत न वाचलेली गोष्ट मात्र इथले रिक्षावाले सांगतात.

खांडक्या बल्लाळशहा राजाच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीला निघालेला राजा झरपट नदीच्या कोरड्या पात्रात तहानेनं थांबला, एका खळग्यातलं पाणी प्यायला, हातपाय धुतले आणि त्या रात्री शांत झोपला. सकाळी राणीनं पाहिलं तर गाठी गेलेल्या. तिथेच अंचलेश्वर प्रगटला. नंतर त्याच रानात राजाला वेगळाच प्रकार दिसला. कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागला होता! राणी म्हणाली, इथे नगर वसवा. ससा ज्या वाटेनं धावला, त्या वाटेनं तट उभा राहिला. पुण्याच्या मुलांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी उरलेला दिवस त्या सशाचाच माग काढला.

अंचलेश्वराच्या आवारात गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत सर्वांत देखणी बीरशहाची, राणी हिराईनं पतीसाठी बांधलेली. जवळच महाकालीचं मंदिर. चैत्रात इथे यात्रा भरते, मराठवाड्यातून आणि तेलंगणातून लोक येतात, झरपटीत स्नान करतात. राजाचं दुखणं बरं करणारी ती झरपट आज सांडपाण्यानं भरलेली पाहताना जीव कळवळतो.

मला खरी ओढ लागली ती महाकालीच्या पलीकडे, लालपेठच्या बाजूला. वस्तीत घरांच्या मधोमध, उघड्यावर, एकेका अखंड दगडातून घडवलेल्या प्रचंड मूर्ती आहेत. शिवलिंग, नंदी, गणपती, महिषासुरमर्दिनी. सगळ्यांत मोठी आहे दशमुखी दुर्गा. सुमारे २५ फूट लांब, जमिनीवर आडवी. दहा तोंडांमुळे लोक तिला रावण म्हणतात. रिक्षावाल्याला दुर्गा म्हटलं तर कळणार नाही, "रावणाले जायचं हाय" म्हणा, बरोबर नेऊन सोडेल.

परंपरा सांगते की गोंडकाळात रायप्पा नावाच्या एका शिवभक्त कोमट्यानं इथे भव्य देवालय बांधायचं ठरवलं. आधी मूर्ती घडवून घेतल्या, मग मंदिर उभं करायचं. मूर्ती झाल्या आणि रायप्पा गेला. देवालय राहूनच गेलं. मी बराच वेळ त्या मूर्तींपाशी रेंगाळलो. ती आडवी दुर्गा उभी राहिली असती तर तिच्यावरचं छत किती उंच असतं, याचा विचार करताना मान आपोआप वर जाते. राजघराण्यातला नसलेला एक माणूस एवढं मोठं मनात आणतो, आणि त्याच्यासाठी कुणी निनावी पाथरवट असा दगड फोडतात! त्यांच्यापैकी एकाचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही.

समोरच्या घरातल्या आजी उदबत्ती लावायला आल्या. त्या म्हणाल्या, "कोनी रावण मनते, कोनी देवी मनते. आमच्यासाठी देवच हाय न जी. रायप्पाले थोडा वेळ पाहिजे होता." इतक्या मायेनं कुणी जुन्या माणसाबद्दल बोलताना मी ऐकलं नव्हतं.

मूर्ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, पण ऊनपाऊस त्या सोसतातच. परकोटाचंही तसंच झालं होतं. बुरुजांवर झुडपं आणि कचरा माजला होता. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी कुदळ-फावडी घेऊन शेकडो दिवस तो साफ केला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याच्या मंदिराचे दगड मात्र दुरुस्तीसाठी उतरवले गेले आणि काम वर्षानुवर्षं रखडलं. आपल्याकडे जुन्या वास्तूचं काम हाती घेणारे पुष्कळ, तडीस नेणारे थोडे.

परतताना मी दीक्षाभूमीवर गेलो. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी इथेही हजारोंना धम्मदीक्षा दिली. विदर्भाबाहेर हे फार थोड्यांना माहीत असतं.

ज्या दिवशी ताडोबाची फाटकं बंद असतात, त्याच दिवशी जटपुरा गेटवरून एक शहरदर्शन बस सुटावी. परकोट, अंचलेश्वर, लालपेठ, दीक्षाभूमी, एवढ्यावर दिवस सहज भरतो. लालपेठेत रायप्पाचं नाव लिहिलेला मोठा फलक आणि बसायला सावली हवी. गाभा क्षेत्रातल्या सफारीचे गाइड मंगळवारी मोकळेच असतात. त्यांना शहराचंही प्रशिक्षण मिळालं, तर पाहुण्यांचा दिवस वाया जाणार नाही आणि गाइडांनाही त्या दिवसाची कमाई मिळेल.