जुन्या फिल्मा व स्लाइडींचे जतन

तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात शाही किल्ल्यातील हमामाच्या छतावर रंगीत नक्षी आहे. पलीकडे झैनाबादला आहुखाना आहे. मुमताज महलचे १६३१ साली प्रथम दफन झाले ते तेथेच. अशा वास्तूंचा गिलावा पडला, रंग उडाला, की पूर्वीचे रूप जुन्या छायाचित्रांतच उरते. परंतु ती छायाचित्रे ज्या फिल्मवर असतात, ती फिल्मही झिजत असते.

१९५० नंतरच्या बहुतेक निगेटिव्ह व स्लाइडी ॲसिटेटच्या फिल्मवर आहेत. उष्णता व दमटपणा यांमुळे ॲसिटेटचे विघटन होऊन शिरक्यातील आम्ल सुटते. डबा घट्ट बंद असल्यास ते आतच कोंडते आणि विघटनाचा वेग आणखी वाढवते. डबा उघडताच आंबूस वास येणे ही पहिली खूण होय. पुढे फिल्म आकसते, वाकडी होते, चित्राचा थर सुरकुततो. हा बिघाड परतवता येत नाही. २१ अंश सेल्सिअस तापमान व ५० टक्के आर्द्रता असता नवी फिल्म या अवस्थेस पोचण्यास सुमारे चाळीस वर्षे लागतात. बुऱ्हाणपुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालील माळ्यावरची पेटी तर याहून तापते. पावसाळ्यात चित्राच्या थरातील जिलेटिनवर बुरशी वाढते, ती वेगळीच.

रंगीत स्लाइडी अंधारातही विटतात. पुष्कळदा निळसर रंगद्रव्य आधी फिके पडून चित्र तांबूस दिसू लागते. कोडाक्रोम अंधारात दीर्घकाळ टिकते, मात्र प्रोजेक्टरच्या प्रकाशात लवकर फिकी पडते.

त्याआधीच्या काळातील नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असते. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा अशा फिल्मांचा मोठा साठा नष्ट झाला. अशी फिल्म घरात वा शाळेत न ठेवता जाणकारांच्या स्वाधीन करणे इष्ट.

शाळेच्या किंवा घरच्या संग्रहात वास येणाऱ्या फिल्मा प्रथम वेगळ्या काढाव्यात आणि त्यांच्याच प्रती सर्वांआधी करून घ्याव्यात. उरलेल्या आम्लरहित कागदी पाकिटांत घालून आतल्या, थंड खोलीतील कपाटात, जमिनीपासून उंच ठेवाव्यात. पीव्हीसीच्या पिशव्या व डांबरगोळ्या टाळाव्यात. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी ठेवून ती वेळोवेळी बदलावी. पाकिटावर पेन्सिलीने स्थळ, वर्ष व व्यक्तींची नावे लिहावीत. हे काम घरातील वडीलधाऱ्यांस विचारून आजच करावे, कारण प्रत काढणाऱ्या यंत्रास माणसे ओळखता येत नाहीत.