आंतरजालावरील दुकान व वेळेचें मोल

शेतमालास भाव येण्यासाठीं माल चांगला असावा लागतो हें जितकें खरें, तितकेंच गिऱ्हाईक त्या मालापर्यंत सहज पोंचलें पाहिजे हेंहि खरें आहे. पूर्वी बाजाराचें अंतर कोसांनीं मोजीत. आगगाडी आल्यावर तें तासांनीं मोजूं लागले. आंतरजालावरून विक्री करूं इच्छिणाऱ्यास आतां तेंच अंतर सेकंदांनीं मोजावें लागतें.

किनवट तालुक्यांतील इस्लापूर व आसपासचीं गांवें यांस हा हिशेब विशेष लागू आहे. मुदखेडहून किनवटमार्गें आदिलाबादेस जाणारा लोहमार्ग या भागांतून जातो. पैनगंगेवरील सहस्रकुंडाचा धबधबा जवळच आहे. परंतु मोठीं शहरें दूर. येथील कापूस, सोयाबीन व तूर हा माल बहुधा कच्चाच आडतीवर जातो. तुरीची डाळ व हळदीची पूड करून ती थेट पुण्यामुंबईच्या घरांत विकतां आली, तर मधल्या नफ्याचा कांहीं अंश उत्पादकाच्या पदरांत पडेल. बोरसुरीची तूरडाळ व वसमतची हळद यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून या प्रांताच्या मालाचें नांवहि दूरवर जाऊं लागलें आहे. म्हणून गटागटांनीं स्वतःचीं संकेतस्थळें काढण्याची हौस वाढली आहे. हौस चांगली; परंतु त्या दुकानाचें दार किती वेळांत उघडतें, याचा विचार फार थोडे करितात.

गिऱ्हाइकाचा धीर

बाजारांत आलेलें गिऱ्हाईक दुकानदार उठेपर्यंत उभें राहतें, कारण त्यास पायपीट झालेली असते. आंतरजालावरील गिऱ्हाइकाची पायपीट मुळींच झालेली नसते. बोटाच्या एका स्पर्शासरशी तें शेजारच्या दुकानांत जातें. जेकब नील्सन या तज्ज्ञानें १९९३ सालींच नमूद केलें कीं, एक सेकंदापर्यंतच्या विलंबानें वाचकाची विचारधारा तुटत नाहीं. दहा सेकंदांपुढें मात्र त्याचें लक्ष उडून जातें. गुगल कंपनीनें २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणें, पान उघडण्यास तीन सेकंदांहून अधिक लागल्यास मोबाइलवरील शेंकडा ५३ भेटी सोडून दिल्या जातात.

व्होडाफोन कंपनीनें इटलींत केलेला व २०२१ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग याहून अधिक बोधप्रद आहे. तिनें दिसण्यांत व कामांत सारखींच अशीं दोन पानें केलीं; एक जुनें व एक हलकें केलेलें. आलेल्या लोकांपैकीं निम्म्यांस एक व निम्म्यांस दुसरें दाखविलें. हलक्या पानाचा मुख्य भाग शेंकडा ३१ इतका लौकर दिसूं लागला, आणि विक्री शेंकडा ८ नें अधिक झाली. शेतांत शेजारी-शेजारी दोन वाफे करून एकासच खत घालावें, तशी ही कसोटी होती. अर्थात् एका वाफ्याचें उत्पन्न सर्व जमिनीस लागू होत नाहीं. प्रत्येकास आठच टक्के मिळतील असें समजूं नये. तथापि दिशा कोणती, हें यावरून स्पष्ट होतें.

विलंब कोठें होतो

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. इस्लापुरांत जाळें मंद आहे म्हणून आपलें दुकान मंद, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः दुकानाचीं पानें गांवांत नसून मुंबईसारख्या ठिकाणच्या सर्व्हरवर ठेविलेलीं असतात. गांवचें जाळें बंद पडलें तरी पुण्याच्या गिऱ्हाइकास दुकान उघडेंच दिसतें. गांवचें जाळें लागतें तें आलेली मागणी पाहण्यास व उत्तर देण्यास. त्या कामीं ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची, २०११ सालीं मंजूर झालेली व पुढें भारतनेट हें नांव मिळालेली योजना उपयोगी आहे. परंतु जड पानाचा दोष तिनें जाणार नाहीं.

विलंबाचीं कारणें मुख्यतः तीन. पहिलें अंतर. काचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. तरी पान दिसण्यापूर्वी संदेशाच्या अनेक फेऱ्या होतात, आणि सर्व्हर अमेरिकेंत असल्यास प्रत्येक फेरीस विलंब वाढत जातो. दुसरें वजन. हळदीचें एकच छायाचित्र ४ मेगाबाइटचें असेल तर तें ३२ मेगाबिट झालें. सेकंदास २ मेगाबिट वाहून नेणाऱ्या जाळ्यावर तें येण्यास १६ सेकंद लागतील. तेंच २०० किलोबाइटचें केल्यास एक सेकंदहि लागत नाहीं. तिसरें कारण म्हणजे नाचणारीं चित्रें व इतर सजावट. स्वस्त फोनचा संगणक तिच्या भारानेंच थकतो.

वारणेचा धडा

हलकेपणा श्रेष्ठ कीं थाट, याचें उदाहरण आपल्याच राज्यांत आहे. कोल्हापूरकडील वारणा खोऱ्यांत १९९८ सालीं सुमारें सत्तर गांवांसाठीं संगणककेंद्रांची योजना सुरू झाली. ऊसाची नोंद व वजन शेतकऱ्यास गांवींच कळावें हा हेतु होता. २००७ चे सुमारास सात गांवांत संगणकाऐवजीं साध्या मोबाइलवरील लघुसंदेशांनीं तेंच काम करून पाहण्यांत आलें, व तें थोड्या खर्चांत साधलें. शेतकऱ्यास हवी होती ती माहिती. यंत्राचा डौल नव्हे.

काय करावें

१. छायाचित्रें लहान करून व वेबपी यासारख्या हलक्या प्रकारांत ठेवावीं. हें काम विनाखर्चाचें असून लाभ सर्वांत मोठा.

२. सर्व्हर हिंदुस्थानांतच असावा, अथवा पानांच्या प्रती गिऱ्हाइकाजवळ ठेवणारी सेवा घ्यावी.

३. पहिल्या पानावर माल, भाव, वजन व पोंचविण्याचा खर्च एवढेंच असावें.

४. पैसे भरण्याचें पान विशेष तपासावें. तेथें विलंब झाला कीं पैसे गेले कीं राहिले, या शंकेनें गिऱ्हाईक घाबरतें व पुन्हां येत नाहीं.

५. दुकानाची परीक्षा करणाऱ्याच्या भारी फोनवर न करतां स्वस्त फोनवर, मोबाइलच्याच जाळ्यावर करावी. गुगलचें पेजस्पीड इनसाइट्स हें मोफत साधन आहे. मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, हें त्याचें माप होय. करार करतांनाच हें माप लेखी घालावें.

६. दिवाळीपूर्वीं गर्दी वाढते. त्या भाराची चांचणी आधींच घ्यावी.

जलद दार हलक्या मालास गिऱ्हाईक मिळवून देईल, पण टिकवून देणार नाहीं. डाळींत खडा निघाला, अथवा पार्सल पंधरा दिवसांनीं पोंचलें, तर अर्ध्या सेकंदांत उघडणारें पान काय कामाचें? अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी, स्वच्छ बांधणी व वेळेवर रवानगी हीं आधीं. वेग त्यांचे जोडीस. परंतु ज्यांचा माल खरोखर उत्तम आहे, त्यांनीं केवळ जड पानामुळें गिऱ्हाईक गमवावें ही गोष्ट दुःखाची आहे. एकेकट्यास हा खर्च व देखरेख झेपत नसल्यास चार गांवांच्या गटानें मिळून एकच दुकान काढावें, आणि तें साधें, हलकें व चोख ठेवावें. पेरणीस वाफसा साधावा लागतो. विक्रीस गिऱ्हाइकाचा तो एक क्षण साधावा लागतो.