रोटरी इंजिनातील तेलाची वाफ आणि ब्रीदर नळी
घरी घडवलेले विमान : लेखांक 6

वँकेल रोटरी इंजिनात दट्ट्या नसतो आणि नेहमीच्या अर्थाची क्रँककेसही नसते. त्रिकोणी रोटर विकेंद्री शाफ्टवर फिरतो. रोटरचा एक फेरा होईपर्यंत शाफ्टचे तीन फेरे होतात. हौशी विमानबांधणीत माझदाचे 13बी हे मोटारीचे इंजिन विशेष वापरात आहे. त्यात दोन रोटर असून प्रत्येकाची क्षमता 654 घनसेंटिमीटर आहे. तेल बेअरिंगना वंगण देते, रोटरच्या पोकळीत फवारले जाऊन त्याला थंड ठेवते आणि खालच्या चेंबरमध्ये परतते.

ज्वलनाचे काही वायू रोटरच्या बाजूच्या सीलांवरून या पोकळीत झिरपतात. त्यांच्याबरोबर पाण्याची वाफ आणि न जळलेले पेट्रोलही येते. त्यांना वाट मिळाली नाही तर आतला दाब वाढतो आणि शाफ्टच्या ऑइल सीलमधून तेल बाहेर पडते. ही वाट म्हणजे ब्रीदर.

मोटारीत ही तेलमिश्रित वाफ पुन्हा इंजिनाच्या हवेत सोडतात. विमानात ती सहसा बाहेर काढतात. रोटरच्या टोकाच्या सीलांसाठी थोडे तेल मुद्दाम जाळावेच लागते. त्या मोजलेल्या तेलात न मोजलेल्या तेलाची भर इष्ट नसते.

ब्रीदरची जोडणी तेल भरण्याच्या उंच नळीपाशी घेतात, म्हणजे नाक वर-खाली झाले तरी तेल थेट तोंडाशी येत नाही. पुढे विभाजक डबा असतो. त्यातील जाळीवर तेलाचे थेंब साचतात आणि वाफ पुढे जाते. साचलेले तेल चेंबरमध्ये परत सोडायचे असेल, तर त्यात पाणी उरणार नाही इतका डबा गरम राहिला पाहिजे. असा डबा वसईच्या वालीव-गोखिवरे पट्ट्यातील लेथ आणि वेल्डिंगच्या कारखान्यांना अवघड नाही.

नळीचे तोंड एक्झॉस्टपासून दूर हवे. रोटरीचा एक्झॉस्ट दट्ट्याच्या इंजिनापेक्षा अधिक तापतो. त्यावर तेल पडले तर आग लागू शकते. तोंड समोरच्या वाऱ्याकडे ठेवले तर हवा आत दाबली जाते. फार खेच असलेल्या जागी ठेवले तर तेल ओढले जाते.

थंड हवेत नळीच्या तोंडाशी वाफ गोठून बर्फाचा बूच बसतो. उंचीबरोबर तापमान दर 1000 मीटरला सुमारे 6.5 अंश उतरते. वसई-विरारच्या किनाऱ्यावर जमिनीलगत 30 अंश असताना शून्य अंश साधारण 4600 मीटरवर येते. त्यामुळे इथल्या कमी उंचीच्या उड्डाणांत बर्फापेक्षा पावसाळी दमट हवेचा आणि विमान उभे असताना नळीत घर करणाऱ्या कुंभारीण माशीचा धोका मोठा. तोंड बर्फाने बुजो वा माशीच्या घराने, उपाय एकच : काउलिंगच्या (इंजिनावरील आवरणाच्या) आत, उबदार जागी, नळीला दुसरे छोटे छिद्र. मुख्य तोंड बुजले तरी दाब तिथून सुटतो. तेल दुधाळ दिसू लागले की आत पाणी साचते आहे असे समजावे.

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची नोंदणी 2017 मध्ये झाली, पण उड्डाणाचा परवाना मिळायला 2019 उजाडले. घरच्या विमानालाही कारखान्यातील विमानाइतक्याच कसोशीची तपासणी लागते. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी नळीचे तोंड आणि हे दुसरे छिद्र मोकळे आहे, हे हाताने तपासावे.