नंबर लागला, आता घर सोडायचं

बारावीनंतरचे दोन-अडीच महिने महाराष्ट्रातल्या हजारो घरांत एकच वाक्य फिरत असतं, ‘आधी नंबर कुठे लागतोय ते बघू.’ सीईटी होते, निकाल लागतो, कॉलेजांचा पसंतीक्रम भरून होतो. तरी लेक पुण्याला जाणार की नागपूरला, नांदेडला की थेट कोकणात लोणेऱ्याला, हे कुणालाच ठाऊक नसतं. मग एका संध्याकाळी प्रवेश फेरीची यादी मोबाइलवर उघडते, घरात पेढे वाटले जातात आणि त्याच रात्री लक्षात येतं की कॉलेजात हजर व्हायला हातात मोजकेच दिवस आहेत.

त्या मोजक्या दिवसांत बहुतेक घरं एकच काम करतात, ते म्हणजे खरेदी. ट्रॉली बॅग, नवी चादर, इस्त्री, स्टीलचे डबे, चपलांचे दोन जोड. या वस्तू वाईट नाहीत, पण ज्या गावात कॉलेज आहे त्या गावात त्या सगळ्या मिळतात. वसतिगृहांच्या आसपासची दुकानं जुलै-ऑगस्टमध्ये बादल्या, गाद्या आणि दोऱ्यांनी भरलेली असतात. दुकानात न मिळणाऱ्या गोष्टींना मात्र वेळ लागतो. त्यांचा शहराशी संबंध नसतो, त्यामुळे नंबर लागण्याची वाट न पाहता मे महिन्यातच त्यांना हात घालता येतो. त्यातली पहिली म्हणजे कागदांची फाइल.

कुणबी, माळी, धनगर, महादेव कोळी, मातंग, कुठल्याही राखीव प्रवर्गातल्या घराला विचारलं तर सामानातली सर्वांत जड वस्तू कोणती, याचं उत्तर ‘फाइल’ असंच येईल. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तिथे नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. यातलं जात वैधता प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळतं. त्यासाठी वडील, आजोबा, कधी पणजोबांच्या शाळेतली नोंद शोधावी लागते, म्हणून हे काम अकरावी-बारावीतच सुरू करणं शहाणपणाचं. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राला मुदत असते, ते ठरावीक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंतच चालतं. जुनं कपाटात आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या घरांची ऐन प्रवेशाच्या आठवड्यात सेतू केंद्रावर धावपळ होते.

सगळ्यात छुपी अडचण नावाची असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात, आधार कार्डावर मुलाचं नाव आधी, आणि बँकेच्या पासबुकात वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. घरातल्या माणसांना ही तिन्ही नावं एकच वाटतात, संगणकाला वाटत नाहीत. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरला जातो आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणून ही नावं जुळवून घेणं उन्हाळ्यातच उरकावं. आधारवरचे बोटांचे ठसे वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात, हेही अनेक घरांत राहून गेलेलं असतं. मुलाचं खातं लहानपणी ‘अज्ञान’ म्हणून उघडलेलं असेल, तर अठरा पूर्ण झाल्यावर नवी सही आणि नवी कागदपत्रं दिल्याशिवाय ते नीट चालत नाही. घरापासून तीनशे किलोमीटरवर, मेसचे पैसे भरायच्या दिवशी हे कळणं फार त्रासाचं.

कॉलेजात शाळा सोडल्याचा दाखला जमा होतो. गुणपत्रिका मात्र तपासून तिथेच परत द्यायच्या असतात, मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८चा आदेश आहे. तरीही प्रत्येक कागदाच्या पाच-सहा छायाप्रती, फोनमध्ये स्वच्छ स्कॅन आणि घरी एक पूर्ण संच ठेवावा. ही फाइल मुलाने स्वतः लावावी. कोणता कागद कशासाठी आहे हे वडिलांना माहीत आणि मुलाला नाही, अशा स्थितीत खिडकीपुढे उभं राहिल्यावर वडिलांना फोन करण्यापलीकडे त्याच्या हातात काही उरत नाही.

शिकायला घर सोडण्याची ही वाट महाराष्ट्रात खूप जुनी आहे. पुण्यात वार लावून जेवणारी मुलं होती. आठवड्यातला एकेक वार एकेका घरी पान वाढलेलं असे, आणि ती सोयही ठरावीक जातींच्या मुलांपुरती होती. हे चित्र बदलायला कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं आणि पुढच्या काही वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहं निघाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींची मुलं एकत्र राहतील आणि एकत्र जेवतील असं बोर्डिंग सुरू केलं. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. पुण्यात डॉ. अच्युत आपटे यांनी १९५५ साली सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती आजही खेड्यांतून आलेल्या मुलामुलींना निवारा देते. वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीतून उतरलेल्या त्या पिढ्यांकडे सामान थोडं होतं, पण बोर्डिंगात झाडण्यापासून भाकरी थापण्यापर्यंतची कामं वाटून घेतलेली असत. ती सवय आता घरातूनच घेऊन जावी लागते.

आणि इथे मुलगे आणि मुली यांच्यात घरं स्वतःच फरक करून ठेवतात. अठरा वर्षांच्या अनेक मुलग्यांनी आपला शर्ट कधी धुतलेला नसतो, अंथरूण आवरलेलं नसतं, कपबशी विसळलेली नसते. मुलीला हे सारं येतं. पण तिने एकटीने कधी रेल्वेचं आरक्षण केलेलं नसतं, बँकेत फॉर्म भरलेला नसतो, अनोळखी गावात रिक्षावाल्याशी भाडं ठरवलेलं नसतं. म्हणजे दोघांची तयारी अर्धीच असते, फक्त अर्धं वेगवेगळं. सुट्टीत मुलाला घरच्या धुण्याचं काम लावावं आणि मुलीला एकटीने दुसऱ्या गावच्या मावशीकडे जाऊन-येऊन करू द्यावं. ट्रॉली बॅगेपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

पैशाचंही तसंच. महिन्याचे पैसे एकदम हातात आले की पहिल्या दहा दिवसांत संपतात आणि उरलेले वीस दिवस चहा-बिस्किटांवर निघतात, हे वसतिगृहातल्या कुणालाही विचारावं. जून महिन्याचा घरचा किराणा आणि वीजबिल मुलाच्याच हातून होऊ द्यावं, म्हणजे साडेतीनशे रुपये नेमके कुठे गेले हे शोधायची सवय लागते. फोनवरून पैसे पाठवणाऱ्या या पिढीला एक गोष्ट ठामपणे सांगून ठेवावी, की पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन मागणारा पैसे नेणारा असतो. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर कळवायचं. खोली न बघता, फोटो पाहून आणि फोनवर बोलून डिपॉझिट पाठवायचं नाही, हाही त्यातलाच धडा.

आठ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. ही मोठी गोष्ट आहे. पण राहण्याजेवण्याचा खर्च घरालाच पेलावा लागतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७पासून स्वाधार योजना आहे, त्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. अनुसूचित जमातींसाठी स्वयं आणि इतर मागासांसाठी आधार अशा तिच्या बहिणी आहेत. हे पैसे खात्यात यायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या सत्राचा खर्च हाताशी धरूनच निघावं.

पुण्यात खोली शोधायला निघालेल्या बापाच्या कानावर पहिला शब्द पडतो, ‘कॉट बेसिस’. म्हणजे भाडं खोलीचं नसून एका पलंगाचं. तीन-चार जणांत एक खोली, एक न्हाणीघर, एक खिडकी. तिथे तीन मोठ्या बॅगा घेऊन गेलं तर त्यांतल्या दोन पलंगाखाली वर्षभर बंद पडून राहतात. नेण्याजोगं सामान खरं तर पलंगाच्या मापानेच ठरवावं. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तेव्हा जाड जीन्सच्या चार जोडांपेक्षा लवकर वाळणारे पातळ कपडे, नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे कामाला येतात. दोन किल्ल्यांचं चांगलं कुलूप, लांब वायरचा बोर्ड, जुनी मऊ गोधडी. पाणी तापवायचा रॉड बहुतेक वसतिगृहांत चालत नाही, तो घरीच ठेवावा.

खाऊच्या पिशवीवर मात्र आईचंच राज्य असतं आणि ते असू द्यावं. फक्त ऋतू पाहावा. ऑगस्टच्या दमट हवेत चिवडा दोन दिवसांत सादळतो, लाडवाला ओल लागली की बुरशी धरते. ज्यात पाणी नाही ते टिकतं. मेतकूट, लसणाची कोरडी चटणी, शेंगदाण्याची चटणी, जवस, कारळ हे सगळं हवाबंद डब्यात आणि कोरड्या चमच्याने घेतलं तर बरेच दिवस पुरतं, खोबरं आणि शेंगदाणा फार दिवस ठेवला तर खवट होतो एवढंच. मेसच्या भातावर मेतकूट पडलं की तो भात घरचा होतो. प्रवासासाठी दुधातल्या दशम्या किंवा मराठवाड्यातले धपाटे. एकाला पुरेल एवढं कधीच देऊ नये. पहिल्या रात्री तो डबा खोलीतल्या सगळ्यांपुढे उघडतो आणि सोलापूरची चटणी, खानदेशी शेव, कोकणातली आंबापोळी यांची अदलाबदल होते. परक्या गावातली पहिली ओळख बहुतेक वेळा अशीच होते.

मेसची भाषाही आधी कानावर घालून ठेवावी. गावी गेलेल्या दिवसांचा ‘खाडा’ धरला जातो की नाही, किती दिवस आधी सांगावं लागतं, रविवारी रात्री मेस बंद असते का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारायचं. महिन्याचं कार्ड काढण्याआधी दोन दिवस सुटं जेवून बघायचं.

औषधांची छोटी पेटी द्यावी आणि तिच्यातली प्रत्येक वस्तू समजावून द्यावी. थर्मामीटर, पॅरासिटामॉल, क्षारसंजीवनीची पाकिटं, पट्ट्या. पाकीट संपलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पावसाळ्यात ताप आला तर तो डेंग्यू असू शकतो, त्यामुळे मनाने ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन घ्यायची नाही, डॉक्टरांकडे जायचं. किडलेला दात आणि चष्म्याचा नंबर निघण्यापूर्वीच पाहून घ्यावा.

एक बोलणं अवघड असतं, पण ते निघण्याआधी व्हायला हवं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९पासून आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. हिमाचल प्रदेशात २००९ साली वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी अमन काचरू रॅगिंगमध्ये मरण पावल्यानंतर देशभराचे नियम कडक झाले आणि आता प्रत्येक विद्यार्थ्याला आणि पालकाला हमीपत्र भरावं लागतं. १८००-१८०-५५२२ हा मदत क्रमांक मुलाच्या फोनमध्ये घालून द्यावा. मन फार जड झालं तर टेलिमानसचा १४४१६ आहे. तरी सगळ्यात आधी त्याला घरी फोन करता आला पाहिजे, आणि ‘एवढ्या खर्चाने पाठवलंय, आता जमवून घे’ हे वाक्य फोनवर येणार नाही अशी त्याची खात्री असली पाहिजे. गावात पहिला आलेला, मराठी माध्यमातला मुलगा पहिल्या महिन्यात इंग्रजी तासाला अर्धंच समजतं म्हणून गप्प बसतो. ते तो घरी सांगू शकला, तर त्याच्या बऱ्याचशा रात्री सोप्या जातात.

सोडायला जाणारी माणसं शक्यतो दोनच असावीत. सामान खोलीत लावण्याचं काम त्याचं त्याला करू द्यावं, आईने तेवढा वेळ पलंगावर बसून राहावं. मेसची जागा बघून झाली, पाण्याची टाकी बघून झाली, की परतीची गाडी धरावी. रात्री उशिरा घरी पोचल्यावर एकच फोन.

मग गणपतीला तो पहिल्यांदा घरी येतो. बॅगेत मळलेले कपडे असतात, इस्त्री वेष्टणासकट परत आलेली असते, स्टीलच्या डब्यांचा संच तसाच. आई दोन दिवस त्याला खाऊ घालते. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो स्वतःच कागद-पेन घेऊन ओट्यापाशी बसतो आणि लिहू लागतो. आणखी एक दोरी, चिमटे, मेतकूट दुप्पट, आणि शेजारच्या पलंगावरच्या मुलाने मागितलेली जवसाची चटणी.