लोकप्रिय संगणक आणि चोरांची नजर

‘मॅक घे, त्याला व्हायरस लागत नाही,’ हा सल्ला लॅपटॉप घेताना हमखास मिळतो. त्यात तथ्य किती?

थोडे आहे. खिसेकापू गर्दीच्या जत्रेत जातो, रिकाम्या माळावर नाही. जगातले बहुतेक संगणक विंडोजवर चालतात, म्हणून एकच घातक प्रोग्राम लिहून लाखो घरांत शिरायचे तर तो विंडोजसाठी लिहिणे चोराला परवडते.

पण गर्दी नाही म्हणजे कुलूप मजबूत, असे नव्हे. २०१२ मध्ये ‘फ्लॅशबॅक’ने सहा लाखांहून अधिक मॅक संगणकांत शिरकाव केला. दोष जावा या सॉफ्टवेअरमध्ये होता. ओरॅकल कंपनीने त्याची दुरुस्ती फेब्रुवारीतच दिली होती, पण मॅकसाठी ती ॲपलकडून एप्रिलमध्ये आली. मधल्या काळात चोरांना दार उघडे सापडले.

आपल्या जवळचे उदाहरण न्हावा शेवाचे. २७ जून २०१७ रोजी जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे संगणक ‘नॉटपेट्या’मुळे बंद पडले आणि कंटेनरची कामे हाताने करण्याची वेळ आली. हा हल्ला पसरला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. जगात त्याचे नावही फारसे कुणाला ठाऊक नव्हते, पण त्या देशात ते सर्रास वापरले जाई. मर्स्कला सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभारावे लागले. ज्या विंडोज-दोषाचा फायदा घेतला गेला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. मात्र एक संगणक हाती लागला की चोरलेल्या पासवर्डच्या आधारे हा प्रोग्राम त्याच जाळ्यातल्या दुरुस्त संगणकांतही शिरत होता. शेजाऱ्याचे दार उघडे राहिले, तर आपल्या कुलपाचा उपयोग कमी होतो तो असा.

म्हणजे लोकप्रियतेवरून चोराची नजर कुठे जाईल ते कळते. तो आत येईल का, हे ठरते दुरुस्ती किती लवकर येते आणि आपण ती किती लवकर बसवतो यावर.

संतपूर असो, बिदर असो वा कलबुर्गी, आज घरातला मुख्य संगणक म्हणजे मोबाइल, आणि तो बहुधा अँड्रॉइडच. लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल त्याच गर्दीसाठी बनवलेली असते. पत्रिका वाचायला ॲप बसवावे लागत नाही, एवढे आजी-आजोबांना समजावून सांगा. घरात विंडोज १० चा जुना लॅपटॉप असेल, तर त्याचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही ध्यानात घ्या. अपडेटची सूचना ‘नंतर’ म्हणून ढकलू नका. फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. आणि पैसे गेलेच, तर लाजत न बसता लगेच १९३० वर फोन करा.